उपाशीपोटी

हार्मला पन्नास वर्षं पूर्ण झाली ते साल १९८९. मे महिन्याचा शेवटचा रविवार. नेदरलँड्समधल्या ख्रोनिंगन शहरात त्याच्या घरापुढे हातभर बाग होती, आणि तिथे त्याच्या बायकोनं, रूलफीननं, त्याच्या जुन्या कामाच्या कपड्यांत पेंढा भरून एक म्हातारा खुर्चीत बसवला होता, पन्नाशी गाठलेल्या पुरुषाच्या दारात बसवतात तसा. हार्म शहरातल्या कालव्यावरचा पूल उघडायचं-मिटायचं काम करायचा, म्हणून म्हाताऱ्याच्या डोक्यावर पूलवाल्याची टोपी होती. तोंड लाल रंगानं काढलेलं, हसरं. उजवा हात मांडीवरून घसरून लोंबत होता. त्याच्या थोरल्या भावानं, रायंडरनं, गाडीतून उतरताना तो हात पाहिला आणि स्वतःचा उजवा हात डाव्या हातानं उचलून कोटाच्या खिशात ठेवला. “चल,” त्याची बायको हिले म्हणाली, “तुझ्या भावापेक्षा हा तुझ्यासारखाच जास्त दिसतो.” तिला विनोद करायचा होता. दीड वर्षं ती दोघांच्या वाटचं बोलत होती, आणि त्यात कधीकधी असं काहीतरी निघून जायचं.

आत खुर्च्या भिंतीला पाठ लावून गोल मांडल्या होत्या. येणाऱ्यानं एका टोकापासून सुरुवात करून प्रत्येकाशी हात मिळवायचा. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन, त्याच्या बायकोचं नवऱ्याबद्दल, मुलीचं बापाबद्दल, शेजारणीचं शेजाऱ्याबद्दल. लहानपणी रायंडरला याचा कंटाळा यायचा. आता जगात ही एकच जागा उरली होती जिथे त्याचा शब्द बरोबर पडत होता. डावा हात पुढे करत तो गोल फिरला. “अभिनंदन.” “अभिनंदन.” स्वच्छ, खणखणीत, एकाही अक्षराला न अडखळता. शेजारीण हिलेला म्हणाली, “अहो, किती सुधारले की हे!” हिलेनं फक्त त्याची कॉलर नीट केली. तिला माहीत होतं, त्याच्याकडे एवढंच आहे. पाणी हवं असलं तरी तो अभिनंदन म्हणायचा, आणि पायात गोळा आला तरी.

सत्याऐंशीच्या नोव्हेंबरात स्वित्झर्लंडमधल्या बाझलला, औषध कंपनीच्या सातव्या मजल्यावर, अकरा जणांसमोर बोलता बोलता त्याचं बोलणं थांबलं होतं. त्याला स्वतःला ते कळलं नव्हतं. आत वाक्य चालूच होतं. फक्त समोरच्या अकरा चेहऱ्यांवरून हळूहळू काहीतरी उतरत गेलं. पक्षाघाताच्या त्या झटक्यातून शुद्धीवर आल्यावर नर्सला तो पहिला शब्द म्हणाला, तो हाच. पुढे बोलायला शिकवणाऱ्या बाईनं हिलेला समजावलं की समज शाबूत आहे, सगळं कळतं त्यांना. पण नवं जुळवून बोलायचं ते गेलं, हजारदा म्हणून पाठ झालेलं तेवढं उरतं, कुणाला आकडे उरतात, कुणाला एखादी शिवी. रायंडर ऐकत होता. त्याला हे समजावायची गरज नव्हती. तरुणपणी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत तो गिनिपिगच्या आतड्याचा बोटभर तुकडा कोमट खारट पाण्यात दोऱ्यानं टांगून ठेवायचा. वरून औषधाचा थेंब टाकला की तुकडा आखडायचा, दोऱ्याला बांधलेली काडी हलायची आणि काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ उमटायची. जनावर तासाभरापूर्वीच मेलेलं असायचं. तुकड्याला ते माहीत नसायचं. त्या काजळीनं शर्टाच्या बाह्या काळ्या व्हायच्या आणि हिले त्या घासताना कुरकुरायची. तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. रेघ खोटं बोलत नाही, असं तो तेव्हा विद्यार्थ्यांना सांगायचा.

कॉफी आली, प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा आला, केकचा डबा परत कपाटात गेला. उघड्या खिडकीतून कापलेल्या गवताचा वास येत होता आणि फेना शिंकत होती. फेना हार्मची एकुलती मुलगी, बावीस वर्षांची, लहान मुलांच्या शाळेत शिकवायची आणि त्याच शहरात एक खोली घेऊन राहायची. ती रायंडरच्या उजव्या बाजूला बसली होती. बाकी सगळे त्याच्या डाव्या बाजूला बसायचे, जिथे तो अजून होता. फेना मुद्दाम उजवीकडे बसायची आणि त्याचा मेलेला हात आपल्या हातात घेऊन बसायची, तो जिवंत असल्यासारखा. पाच-सहा शिंका एकापाठोपाठ आल्या तसा तिनं तो हात सोडला, पिशवीतून एक चंदेरी पट्टी काढली आणि अंगठ्यानं दाबली. टक. पांढरी लांबट गोळी, मधोमध आडवी रेघ. त्या रेघेसाठी बाझलला दोन बैठका झाल्या होत्या.

“काका, तुमचीच बरं का,” ती गोळी त्याच्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली. “पंधरा दिवस झाले. एकीनं भागत नाही म्हणून दोन घेते.”

“दोन कशाला गं?” रूलफीन कपबशा गोळा करत म्हणाली.

“दुकानात साखरेसारखी मिळते ती, आई. आणि घरचीच आहे.” तिनं गोळी कॉफीबरोबर गिळली. “परवा मात्र गंमत झाली. सकाळी गजर वाजला आणि डोळ्यांपुढे एकदम काळोख. धाडकन परत उशीवर. जाग आली तर घड्याळ वाजून वाजून गप्प झालेलं.”

“होणारच,” रूलफीन म्हणाली. “रात्री धड जेवत नाहीस. उपाशीपोटी भोवळ येणार नाही तर काय होणार?”

रायंडरच्या हातातला कप बशीवर आपटला. हिलेनं न बघताच तो काढून घेतला.

उपाशीपोटी. हा शब्द त्यानं स्वतःच्या हातानं लिहिला होता, निळ्या शाईनं, १९६८ च्या मार्चमध्ये, इथून दहा मिनिटांवर, विद्यापीठाच्या दुसऱ्या मजल्यावर. गोळी तेव्हा गोळी नव्हती, कागदाच्या पुडीतली भुकटी होती. तिथली पद्धत अशी की नवं औषध आधी आपण घ्यायचं. त्यानं घेतलं, दोन दिवस वाट पाहिली, काही झालं नाही. आणि स्वतःला काही झालं नाही म्हटल्यावर माणूस ज्या खात्रीनं वागतो त्या खात्रीनं त्यानं बारा जण जमवले. विद्यार्थी, प्रयोगशाळेतले शिपाई, आणि एक जण आला नाही म्हणून ऐनवेळी हार्म. सगळ्यांना सांगितलं होतं, रात्री दहानंतर पोटात काही नको. पुडी घेऊन दोन तास झाले तेव्हा टेबलावरचा टेलिफोन वाजला, आणि नऊ नंबर, म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, पोतं पडावं तसा खुर्चीवरून खाली आला. अर्ध्या मिनिटात उठून बसला, हसायला लागला. रायंडरनं त्याला आडवं करून कार्डिओग्राम काढला. ठोक्याची शेवटची लाट छोट्या टेकडीसारखी उठून पटकन बसायला हवी. ती लांबलचक पसरली होती, उतरायला तयारच नव्हती. त्यानं पट्टी लावून मोजली. पुन्हा मोजली. त्याला बाप आठवला. बाप चाळिशीत गोठ्यात उभ्याउभ्या गेला होता, दुधाचा डबा फरशीवर पडला त्या आवाजासरशी, आणि हार्म सगळा बापावर गेला होता. हे त्याला आठवलं, आणि त्यानं वहीत लिहिलं: ‘नऊ नंबर, उपाशीपोटी भोवळ. औषधाशी संबंध नाही.’ बाकीचे अकरा ठणठणीत होते.

“ही भोवळ माझ्याकडून आलीय,” हार्म आपल्या खुर्चीतून म्हणाला. “मी ह्याच्या प्रयोगात पडलो होतो. सांगितली का ती गोष्ट?”

“दर वर्षी सांगतोस,” रूलफीन म्हणाली.

“मग पन्नासाव्या वर्षी तर सांगायलाच पाहिजे. साहेबांचा हुकूम, उपाशी या. मी सकाळी चार स्लाइस खाऊन गेलो. लोणी, वर चॉकलेटचे दाणे, शिवाय एक उकडलेलं अंडं. आणि पडलो तर ह्यानं लिहिलं, उपाशी होता! मी म्हटलं, बोलू कशाला, भावाचा प्रयोग बिघडायचा. पुढच्या वाढदिवसाला सांगितलं तेव्हा ह्याचं तोंड बघायला हवं होतं. केक इथे अडकला, इथे!” हार्मनं आपला गळा दाखवला. सगळे हसले. फेनाही हसली, शिंकत शिंकत, आणि एकाच खोलीत, एका मिनिटाच्या अंतरानं सांगितलेल्या दोन गोष्टी कुणीच शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. ते त्यांचं काम नव्हतं. ते काम ज्याचं होतं तो त्यांच्यामध्ये बसला होता.

तो केक त्याला अजून आठवत होता, सफरचंदाचा, वर दालचिनी. केक गिळताना त्यानं ठरवलं होतं की याच आठवड्यात ती नोंद दुरुस्त करायला पत्र लिहायचं. पण कागद बाझलला पोचले होते आणि बाझलनं त्यालाही बोलावलं होतं. तो आठवडा गेला. मग विभागप्रमुख, मग संचालक. बाह्या पांढऱ्या राहू लागल्या, खारं पाणी आणि दोरा इतरांच्या हातात गेला, त्याच्या हातात पेन राहिलं. गोळी देशोदेशी गेली आणि कुठून कुठून पत्रं यायला लागली. नॉर्वेतली एक टपालवाली दारावरच्या घंटेला कोसळली. लिऑंचा एक विद्यार्थी परीक्षेची घंटा झाली तेव्हा बाकावरच राहिला. प्रत्येक पत्र वाचताना त्याला ती पसरलेली टेकडी दिसायची आणि प्रत्येक पत्राखाली तो सही करायचा: ‘संबंध सिद्ध होत नाही.’ ते खरंही होतं. सिद्ध करणारा एकच कागद होता आणि त्यावर ‘उपाशीपोटी’ लिहिलेलं होतं. एकदाच, बाहत्तर साली, बागेत उभं असताना तो हार्मला म्हणाला होता, “तू ती गोळी कधी घेऊ नकोस.” “मला कुठे शिंका येतात?” हार्म म्हणाला होता. तेवढं सांगून रायंडरला सुटल्यासारखं वाटलं होतं. फेना तेव्हा सहा वर्षांची होती, त्यांच्या पायांत घुटमळत होती, आणि तिचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

“अभिनंदन,” तो म्हणाला. मोठ्यानं. सगळे थांबले. त्याला म्हणायचं होतं, फेकून दे त्या गोळ्या. म्हणायचं होतं, डॉक्टरकडे जा, आजच, छातीचा आलेख काढ. आत वाक्य तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी. त्यानं ओठ ओले केले, मान पुढे काढली, फेनाच्या डोळ्यांत पाहिलं. “अभिनंदन! अभिनंदन!”

“आता कशाबद्दल, काका?” फेना हसून म्हणाली.

“तुझ्या भोवळीबद्दल,” हार्म म्हणाला. “जुन्या कंपनीचं गिऱ्हाईक झालीस ना!”

खोली हसली. रायंडरनं टेबलावर मूठ आपटली. हिले झुकून हळूच म्हणाली, “संडासला जायचंय का?” त्यानं मान हलवली, नाही, आणि बोटानं हवेत लिहून दाखवलं. शेजारणीनं कागदी रुमाल दिला, फेनानं पेन दिलं. अक्षरं तर शब्दांबरोबरच गेली होती, त्यानं कितीदा प्रयत्न केले होते. पण रेघ काढता यायची. डाव्या हातानं, कागद फाटू न देता, त्यानं ती काढली: एक बारीक टोक, खाली एक खाच, सपाट, आणि मग ती टेकडी, लांब, पसरट, न उतरणारी. पुन्हा टोक, पुन्हा टेकडी. वीस वर्षांत एकदाही न काढलेली रेघ हुबेहूब उतरली. घाम फुटला होता त्याला. रुमाल त्यानं फेनाच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या छातीकडे बोट केलं.

हार्म उठून आला, चष्मा कपाळावर चढवून वाकला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “अरे, हा तर आपला समुद्राचा बांध आहे. बघ रूलफीन. हे चर्चचं टोक, आणि हा बांध, आपल्या गोठ्यामागून दिसायचा तस्सा.” त्यानं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. “आठवतंय तुला, रायंडर? काही विसरला नाही गं हा. काही म्हणजे काही विसरला नाही.” रूलफीननं डोळे पुसले. शेजारीण म्हणाली, किती छान. “आणि मला दिला,” फेना म्हणाली. तिनं त्याच्या गालाचं चुंबन घेतलं, रुमालाची नीट घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. रायंडर तिच्या बोटांकडे बघत राहिला. प्रेमापुढे काही करता येत नाही हे त्याला बाझलला कधी समजलं नसतं. तिथे माणसं निदान संशय घ्यायची.

मग तो खरंच संडासात गेला. दाराच्या आतल्या बाजूला वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं, सगळ्यांच्या घरी असतं तिथेच. मेच्या पानावर रूलफीनच्या अक्षरातलं काहीतरी, ते हार्मच असणार. त्याला ती नुसती काळ्या मुंग्यांची ओळ दिसत होती. बाहेर खुंटीवर कोटांखाली फेनाची पिशवी होती, तिनं मघाशी तिथे नेऊन अडकवलेली. काठी भिंतीला टेकवून, एका पायावर तोल धरून, त्यानं पिशवीत हात घातला. चंदेरी पट्टी हाताला लागली. ती कोटाच्या खिशात टाकताना त्याचं काळीज असं धडधडलं की त्याला वाटलं, आता आपल्याच छातीत ती टेकडी उठणार. त्याला कळत होतं की हे मूर्खपणाचं आहे, उद्या ती कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी घेईल. पण उद्यापर्यंत चार गोळ्या कमी पोटात जातील. चार तर चार. तो परत येऊन गोलात बसला. चीजचे तुकडे आले, मोहरीची वाटी आली, वाळवलेलं सॉसेज आलं, आणि अख्खा तासभर तो खिशातल्या मुठीत ती पट्टी धरून बसला. आजारपणानंतर पहिल्यांदाच, काही मिनिटं, त्याला आपण कामावर असल्यासारखं वाटलं.

निघताना फेना पिशवी उपसत होती. “आत्ता तर होती. आई, माझी पट्टी पाहिलीस?” हिले त्याच्या कोटाची बटणं लावत होती, तिचा हात खिशापाशी थांबला. “अगं बाई,” ती म्हणाली. “हा बघ तुमचा चोर.”

“डायरेक्टरसाहेब स्वतःचाच माल पळवतात!” हार्म ओरडला, आणि दारात सगळे इतके हसले की रस्त्यावरचा एक सायकलवाला वळून बघायला लागला. रायंडरनं मूठ घट्ट केली. हिलेनं त्याच्याकडे पाहिलं, क्षणभर, जरा जास्तच. त्याला वाटलं ओळखलं हिनं, एवढ्या वर्षांत बाह्यांची काजळी हिनंच धुतलीय, ही ओळखेल. “सोड रे,” ती हळू म्हणाली. “पोरीची आहे ती. सोड.” आणि तिनं त्याची बोटं एकेक करून उघडली, तान्ह्या मुलाच्या मुठीतून मणी काढावा तशी. त्याचा तो चांगला हात होता. तरीही त्या हातात तिला अडवण्याइतका जोर नव्हता. “अभिनंदन,” तो म्हणाला. आवाज रडका निघाला. फेनानं त्याची तीनदा चुंबनं घेतली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, आणि कानात म्हणाली, “नका हो वाईट वाटून घेऊ, काका. मी कुणाला सांगत नाही.” बागेतला पेंढ्याचा म्हातारा हसत होता. कुणीतरी त्याचा लोंबणारा हात उचलून परत मांडीवर ठेवला होता.

हारलेमच्या आपल्या घरापर्यंत अडीच तास हिले गाडी चालवत राहिली आणि रायंडर समोरच्या रस्त्याकडे बघत राहिला. सारखा एकच विचार डोक्यात फिरत होता, की जीभ परत आली तर काय काय बोलायचं. आणि त्याच्या मागून, अगदी शांतपणे, दुसरा: की जीभ होती. एकोणीस वर्षं होती. तीन भाषांत चालायची.

जूनच्या शेवटी हार्म एकटा हारलेमला आला. आगगाडीनं आला होता. हिलेनं दार उघडलं, त्याला आत घेतलं, आणि कॉफी करायला जी गेली ती बाहेर आलीच नाही. हार्म खिडकीजवळ, रायंडरसमोर बसला. तीन आठवड्यांत त्याच्या मानेचं मांस उतरलं होतं. त्यानं खिशातून कागदी रुमाल काढला, गुडघ्यावर उलगडला, तळहातानं सारखा केला.

“तिच्या पर्समध्ये होता,” तो म्हणाला. “डॉक्टरनं सामान परत दिलं तेव्हा हा वर होता. तो म्हणाला, हे कुणी काढलंय? मी म्हटलं, माझ्या भावानं, आमच्या गावचा बांध आहे. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हा बांध नाही हो.” हार्मनं मान वर केली. “मग मी विचारलं, काय आहे. तर म्हणे, ज्यानं काढलं त्याला विचारा. सांग की रे, रायंडर. काय आहे हे?”

रायंडरच्या तोंडात तो शब्द येऊन उभा होता, स्वच्छ, खणखणीत, थेंब पडायची वाट बघत. त्यानं दात आवळले. इतके आवळले की कानशिलं दुखली. मग त्यानं डावा हात पुढे केला, हार्मचं बोट धरलं आणि ते रेघेवरून फिरवलं, टोकावरून, खाचेतून, त्या लांब टेकडीवरून. आणि शेवटी ते बोट उचलून हार्मच्याच छातीवर ठेवलं. तिथेच धरून ठेवलं.

हार्म खाली बघत होता. स्वयंपाकघरात कॉफी उकळून उतू गेल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.

“चार स्लाइस,” हार्म म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, “मी चार स्लाइस खाल्ले होते. मी तुला सांगितलं होतं.”

त्यानं रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, टोपी घेतली आणि कॉफी न घेता गेला.

फेना वीरसेमा गुरुवारी, ८ जून १९८९ रोजी, सकाळी साडेसहाला गेली. गजर वाजतच राहिला म्हणून खालच्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडलं. रायंडर १९९३ च्या फेब्रुवारीत गेला. हार्म येऊन गेला त्या दिवसानंतर त्याच्या तोंडून तो शब्द कुणी ऐकला नव्हता.